उबुंटूवर पॅकेज बसेना (वाचनालयाचा संगणक, देवगड तालुका)

वाचनालयवाला
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला एका चाकरमान्याने मुंबईहून डेस्कटॉप पाठवलाय. जुना आहे पण चालतो. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स २२.०४. त्यावर पुस्तकांचं दाखल रजिस्टर लिब्रेऑफिसमध्ये ठेवतो आणि शाळेतली पोरं येऊन काहीबाही बघतात.

मला बसवायच्यात दोनच गोष्टी. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन, आणि जुने छापील अंक स्कॅन करून मजकूर काढायला टेसरॅक्ट, त्याच्या मराठी पॅकेजसकट.

संध्याकाळी कुलूप उघडून मशीन चालू केलं आणि इन्स्टॉलची कमांड दिली की हे येतं:

"कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड. इट इज हेल्ड बाय प्रोसेस १८४३ (अनअटेंडेड-अपग्र)"

काल हे येऊन थांबलेलं असतानाच लाईट गेली. आता वेगळंच सांगतंय: "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". काय करू? गावात विचारायला कोणी नाही.

(मोबाईलवरून लिहितोय म्हणून सगळं देवनागरीत. उत्तरं पण तशीच दिलीत तरी चालेल, टर्मिनलात टाकताना मी रोमनमध्ये टाकेन.)

झटपट_उपाय
सोप्पंय. सुडो आरएम करून लॉकच्या सगळ्या फाईली उडवा. मी नेहमी तेच करतो.

सुरमई
अरे बाबा, लॉक फायली उडवू नको रे, मगे रडात बसशीत.

ओहोटी
झटपट_उपाय, हा सल्ला निम्म्या नेटवर सापडतो आणि तरीही चुकीचा आहे. ती फाईल तिथे कायमच असते. कुलूप त्या फाईलवर कर्नल (सिस्टीमचा गाभा) लावतो, आणि ज्या प्रोसेसने लावलं ती संपली की कर्नल ते आपोआप काढतो. म्हणजे प्रोसेस मेली असेल तर फाईल उडवायची गरजच नाही. आणि जिवंत असेल, तर फाईल उडवल्यावर दुसरी डीपीकेजी (पॅकेजं बसवणारी कमांड) नवीन फाईल करून कामाला लागते आणि दोघी मिळून /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस मध्ये, म्हणजे बसलेल्या पॅकेजांच्या नोंदवहीत, लिहायला बसतात. दोन ग्रंथपाल एकाच दाखल रजिस्टरात एकाच ओळीवर लिहू लागले तर जे होईल ते.

वाचनालयवाले, तुमच्या मेसेजमध्ये कुलूप कोणी लावलंय ते लिहिलंय की: अनअटेंडेड-अपग्रेड्स. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवणारा प्रोग्राम. त्याची वेळ सकाळी ६ च्या सुमाराची. पण मशीन तेव्हा बंद असेल तर राहिलेलं काम पुढच्या वेळी चालू केल्याबरोबर हाती घेतो. तुमचं वाचनालय संध्याकाळी उघडतं, म्हणून तुम्हाला तो रोज संध्याकाळीच भेटणार. त्याला पंधरा-वीस मिनिटं द्या, नेट संथ असेल तर जास्त. मध्ये बटण दाबून बंद करू नका.

लाईट गेल्यावरच्या मेसेजला उत्तर त्या मेसेजातच आहे. आधी
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
मग
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
या क्रमाने. पहिलीतच काही अडलं तर आलेली पहिली चूक इथे टाका. शेवटची नको. शेवटी येतं ते "सब-प्रोसेस रिटर्न्ड ॲन एरर कोड", त्यातून काहीच कळत नाही.

डेबियनदास
वर ओहोटीताईंनी सांगितलंय त्यात भर. समजा स्टेटस फाईलच अर्धवट लिहिली जाऊन खराब झाली, तर /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० नावाने आदल्या वेळची प्रत असते. ती परत जागेवर ठेवता येते. सगळी सिस्टीम नव्याने टाकायची गरज फार क्वचित पडते, पण आपल्याकडे तोच पहिला उपाय असल्यासारखं सांगतात.

खारा_वारा
वाचनालयात इन्व्हर्टर आहे का? असेल तर मागे एक बारका स्विच बघा, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा. पंखे-दिव्यांसाठी नॉर्मल चालतो, पण संगणक त्यात रिस्टार्ट होतो कारण बॅटरीवर जायला त्याला थोडा वेळ लागतो. यूपीएस मोडवर टाका. मालवणला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, पावसाळा सुरू झाला की येणाऱ्या निम्म्या मशीनींचं दुखणं हेच असतं.

वाचनालयवाला
इन्व्हर्टर आहे, स्विच नॉर्मलवर होता. बदलला. धन्यवाद भाऊ.

कॉन्फिगर -ए व्यवस्थित झालं, फिक्स-ब्रोकनपण झालं. मग सुडो ॲप्ट अपडेट दिलं तर:

"रिलीज फाईल फॉर ... इज नॉट व्हॅलिड येट (इनव्हॅलिड फॉर अनदर ...)" आणि पुढे हजाराच्या वर दिवसांचा आकडा. अजून व्हॅलिड नाही म्हणजे काय? फाईल उद्याची आहे काय?

सुरमई
फाईल आजची आसा, तुमचो संगणक कालचो आसा. तारीख बघा.

ओहोटी
सुरमईने एका ओळीत निकाल लावला. 'डेट' एवढंच टाका आणि काय येतं सांगा. ॲप्ट नेटवरच्या याद्या बघून पॅकेजं आणतं, आणि त्या प्रत्येक यादीवर ती कधी तयार झाली ती तारीख असते. तुमच्या घड्याळाप्रमाणे ती भविष्यातली ठरली की ॲप्ट ती घेत नाही. सुरक्षेत भोकं असलेल्या जुन्या पॅकेजांच्या याद्या कोणी तुमच्या गळ्यात मारू नयेत म्हणून जी तपासणी आहे तिचाच हा भाग. घड्याळ चुकलं की ब्राउझरमध्येही प्रमाणपत्राच्या तक्रारी येतात, त्या येतायत का?

वाचनालयवाला
हो! पोरं दोन दिवस सांगत होती की साईट "सुरक्षित नाही" म्हणते. तारीख २०२२ ची दाखवतंय. पण २०२२ च का? आतल्या घड्याळाची बॅटरी गेली असेल तर पार जुनं काहीतरी यायला हवं ना?

डेबियनदास
चांगला प्रश्न. बोर्डावरचं घड्याळ बहुतेक पार मागे गेलंय. पण सिस्टमडी (उबुंटूतलं बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) सुरू होताना बघतं की घड्याळ आपण स्वतः बांधले गेलो त्या तारखेच्याही मागे आहे, म्हणजे हे खोटं आहे, आणि निदान त्या तारखेपर्यंत ते पुढे आणून ठेवतं. २२.०४ मधलं सिस्टमडी त्याच काळातलं, म्हणून २०२२.

टाइमडेटसीटीएल नुसतं टाकून बघा. "एनटीपी सर्व्हिस: इनॲक्टिव्ह" दिसत असेल, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणं बंद असेल, तर
सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू
नेट असेल तर घड्याळ आपोआप जुळेल.

खारा_वारा
आणि बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदला. सीआर २०३२, ३ व्होल्टची. घड्याळाच्या दुकानातही मिळते. जुनी काढताना बाजूची पत्र्याची कडी नखाने दाबायची, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही. बदलल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख एकदा बघून घ्या.

मुंबैकर_चाकरमानी
मध्येच विचारतो. माझ्याकडे उबुंटू २४.०४ आहे. पिपने (पायथनची पॅकेजं आणणारी कमांड) काही बसवायला गेलो की "एक्सटर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट" म्हणून ओरडतं. --ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस लावलं तर चालतं असं वाचलं. लावू?

ओहोटी
त्या पर्यायाच्या नावातच "सिस्टम मोडा" लिहिलंय आणि तुम्ही विचारताय लावू का. व्हेन्व (पायथनची वेगळी खोली) करा आणि त्यात पिप चालवा, किंवा नुसता प्रोग्राम हवा असेल तर पिपेक्स वापरा. ॲप्टने ठेवलेल्या पायथनच्या फाईलींवर पिपने लिहू नये म्हणून हे कुंपण आहे. डेबियन १२ पासून आणि उबुंटू २३.०४ पासून आलं. पुढचं वेगळ्या धाग्यात, हा वाचनालयाचा आहे.

वाचनालयवाला
बॅटरी बदलली, एनटीपी चालू केलं, तारीख आजची. ब्राउझरच्या तक्रारी गेल्या.

आता नेटचं सांगतो. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट वाचनालयाच्या आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून शेजारच्या लॉजचा वायफाय त्यांना विचारून जोडला. तर: "क्लिअरसाइन्ड फाईल इजन्ट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट (डज द नेटवर्क रिक्वायर ऑथेंटिकेशन?)"

डेबियनदास
करतं, असं उत्तर द्या त्याला. लॉजच्या वायफायला लॉगिनचं पान असतं. ॲप्टने यादी मागितली आणि लॉजने त्याला ते पान दिलं. ब्राउझर उघडून लॉगिन करा, मग परत अपडेट.

वाचनालयवाला
बरोबर. खोली नंबर विचारत होतं. लॉजमालकाने टाकून दिला. अपडेट झालं एकदाचं!

पण इन्स्टॉल होत नाही. आता "हॅश सम मिसमॅच", म्हणजे आलेली फाईल यादीतल्या तिच्या खुणेशी जुळत नाही म्हणे. एकदा टेसरॅक्टच्या फाईलला, परत केलं तर एम१७एन च्या डेटाला, तिसऱ्यांदा भलत्याच लायब्ररीला. ॲप्ट क्लीन केलं. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स रिकामी केली. काही फरक नाही.

झटपट_उपाय
मिरर (पॅकेजं जिथून येतात तो सर्व्हर) बदला. सॉफ्टवेअर अँड अपडेट्स मध्ये "मेन सर्व्हर" निवडा.

ओहोटी
हा सल्ला मात्र योग्य आहे, करून बघा. मिरर अपडेट होत असतानाच आपण गेलो तर अर्धं जुनं अर्धं नवं हाती लागतं. पण मग मेसेजमध्ये बहुधा "मिरर सिंक इन प्रोग्रेस?" असंही येतं.

रत्नांग्री
मोबाईल नेटवर ॲप्ट "कनेक्टिंग" वर ० टक्क्यावर तासभर बसतं त्यालाही उपाय सांगून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे नेटचे पत्ते) चा घोळ असतो. सुडो ॲप्ट -ओ ॲक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू अपडेट. वाचनालयवाल्यांचं दुखणं हे नाही, फाईल येतेय पण बिघडून येतेय. लॉजच्या वायफायमध्ये काही मधला प्रॉक्सी असेल तर तोही जुनी प्रत देऊ शकतो. मोबाईलच्या नेटवर एकदा करा.

वाचनालयवाला
मेन सर्व्हर केला. मशीन उचलून बाहेरच्या खोलीत आणलं, मोबाईलवर केलं. तेच. दर वेळी वेगळी फाईल.

ओहोटी
दर वेळी वेगळी फाईल, वेगळं नेट, वेगळा सर्व्हर. मग मला नेटवर संशय राहिला नाही. एक काम करा. डिस्कवर आधीपासून असलेली एखादी मोठी फाईल घ्या, पाच-सातशे एमबीची, उबुंटू बसवायची आयएसओ फाईल असेल तर उत्तम. तिच्यावर
शा२५६सम फाईलचं-नाव
ही कमांड लागोपाठ चार-पाच वेळा चालवा, ती फाईलची तशीच खूण काढते. नेटचा संबंध नाही, फाईल बदलत नाही. उत्तर प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर सारखं यायलाच हवं.

वाचनालयवाला
आयएसओ होती. पाचपैकी तीन सारखी, दोन वेगळी. आणि त्या दोन एकमेकींशीही जुळत नाहीत.

डेबियनदास
बाप रे. मग ॲप्ट बिचारं पहिल्यापासून खरं सांगत होतं. रॅम.

ओहोटी
रॅम किंवा डिस्क. डिस्कचंही बघून टाकू: सुडो डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) मध्ये "आय/ओ एरर" दिसतो का, आणि आधीपासून असेल तर डिस्कची तब्येत सांगणारं सुडो स्मार्टसीटीएल -एच (एच मोठा), पुढे डिस्कचं नाव, चालवा. नसेल तर आत्ता बसवायला जाऊ नका, या अवस्थेत काहीच बसवू नका. पण डिस्क खराब असेल तर ती बहुतेकदा वाचताच आलं नाही म्हणून सांगते, चुकीचं वाचून गप्प बसत नाही. गप्प राहून बिट फिरवणं, ० चा १ करणं, हा रॅमचा स्वभाव.

आणि दाखल रजिस्टर! त्याची पेनड्राईव्हवरची जुनी प्रत असेल तर तिच्यावर नवी लिहू नका. मशीन बरं होईपर्यंत रजिस्टर उघडून सेव्हसुद्धा करू नका.

वाचनालयवाला
डीमेसेजमध्ये आय/ओ एरर नाही. रजिस्टर बंद ठेवलं, कागदी वही परत काढली.

खारा_वारा
आता माझ्या कामाचं आलं. वाचनालय समुद्रापासून किती लांब?

वाचनालयवाला
खिडकीतून दिसतो.

खारा_वारा
मग ऐका. वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. कॅबिनेट उघडा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला बोट टेकवा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. खालच्या पिवळ्या रेघा बघा, काळपट पडलेल्या दिसतील. खारी हवा आणि दमट दिवस यांचं ते काम. पोरांचं पांढरं खोडरबर घ्यायचं आणि त्या रेघांवरून एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने फिरवायचं. सँडपेपर नाही, ब्लेड नाही, सोन्याचा मुलामा निघून जातो. खोडरबराचा चुरा सुक्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते आणि परत तेच. खाचेत पण ब्रश फिरवा. पट्टी परत बसवताना दोन्हीकडून "टक्" आवाज आला पाहिजे.

मग मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. चालू करताना शिफ्ट दाबून ठेवलं की ग्रबची (काय चालू करायचं ते विचारणारी) यादी येते, जुन्या बायोसच्या मशीनवर त्यातच मेमटेस्ट८६+ असतो. रात्रभर लावून ठेवा. एक लाल ओळ आली तरी पट्टी नापास. "थोड्याच चुका आहेत" असं रॅमच्या बाबतीत चालत नाही.

रत्नांग्री
खोडरबरवर हसायचो मी, पण आमच्या ऑफिसातली दोन मशीनं त्यावरच उठून बसली.

दापोलीचा_दादा
धागा वाचतोय पहिल्यापासून. मशीन बरं झाल्यावर नेटचा त्रास राहिला तर ॲप्ट-ऑफलाईन लक्षात ठेवा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही आडवं. जनरेटरवर मशीन चालायचं पण पॅकेज आणायचं कुठून? तेव्हा हे कामी आलं. बिननेटच्या मशीनवर ॲप्ट-ऑफलाईन सेट म्हणून एक छोटी फाईल करायची, तिच्यात काय काय हवंय त्याची यादी असते. ती पेनड्राईव्हवर घेऊन नेट असलेल्या मशीनवर ॲप्ट-ऑफलाईन गेट, म्हणजे तो सगळी पॅकेजं आणून एक गठ्ठा करतो. परत येऊन ॲप्ट-ऑफलाईन इन्स्टॉल. यातली मेख एकच, ते आधी बसवलेलं असावं लागतं. म्हणून आत्ताच बसवून ठेवा. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ ला, मी शहाणा होतो.

वाचनालयवाला
मेमटेस्टचा निकाल. २ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. खोडरबर फिरवलं. भाऊ म्हणाले तशाच काळ्या होत्या, खोडरबराचं टोकपण काळं झालं. रात्रभर लावलं. सकाळी पडदाभर लाल. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. एक स्वच्छ पास, दुसरी पहिल्या दहा मिनिटांत लाल.

नापास काढून ठेवली. आता २ जीबीवर चालतंय, थोडं रडत. आयएसओवर शा२५६सम कितीही वेळा केलं तरी तेच उत्तर. मग ॲप्ट अपडेट, ॲप्ट इन्स्टॉल, आणि एकही तक्रार न करता तीनही पॅकेजं बसली!

सुरमई
देव पावलो.

ओहोटी
छान. पण एवढ्यावर सोडू नका. खराब रॅम असताना अनअटेंडेड-अपग्रेड्सने मधल्या काळात बरंच काही बसवलं असणार, आणि उलगडून डिस्कवर लिहिताना त्यातलं काही बिघडलं असू शकतं.
सुडो ॲप्ट इन्स्टॉल डेबसम्स
सुडो डेबसम्स -सी
हे बसवलेल्या फाईली पॅकेजच्या यादीशी ताडून बघतं आणि न जुळणाऱ्याच दाखवतं. ज्या दिसतील त्यांची पॅकेजं सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल ने परत बसवा. कोणती फाईल कोणत्या पॅकेजची ते डीपीकेजी -एस सांगेल, एस मोठा.

वाचनालयवाला
चार फाईली निघाल्या. तीन लिब्रेऑफिसच्या, एक फाँटची. परत बसवल्या, आता डेबसम्स गप्प आहे. लिब्रेऑफिस अधूनमधून आपोआप बंद पडायचं, त्याचं कारणही हेच असेल का?

ओहोटी
असू शकतं, खराब रॅमने तसंही बंद पडतं. आता पडलं नाही तर झालं.

वाचनालयवाला
रजिस्टर पण कागदी वहीशी ताडून बघतोय. एका ठिकाणी लेखकाच्या नावात चौकोन आलेत, बाकी अजून ठीक.

शेवटचा प्रश्न. आयबस बसलं, पण मराठी यादीत दिसत नाही.

डेबियनदास
लॉगआउट करून परत लॉगिन करा. मग सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्स, त्यात मराठी. आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट असे पर्याय येतील. पोरांना इनस्क्रिप्ट शिकवा, हिंदीलाही तोच पट्टा चालतो. तुम्हाला मोबाईलच्या रोमन टायपिंगची सवय असेल तर फोनेटिक.

आणि टेसरॅक्टला चालवताना -एल एमएआर द्यायला विसरू नका, नाहीतर तो मराठी पान इंग्रजी समजून वाचतो. स्कॅन ३०० डीपीआयला करा. आणखी एक, हस्तलिखित अंक असतील तर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, ते छापील मजकुरासाठी आहे.

वाचनालयवाला
छापीलच आहेत. दिसलं मराठी. पहिलं पान वाचलंपण त्याने, जोडाक्षरांत थोड्या गमती आहेत, पण हाताने सगळं टाईप करण्यापेक्षा शंभरपट बरं. सगळ्यांचे आभार, विशेषतः ओहोटीताई आणि खारा_वारा भाऊ.

भाऊ, २ जीबीची अजून एक पट्टी मिळेल का?

खारा_वारा
मिळेल. ४ ची एकच टाका, पैशात फार फरक नाही. येताना चालू पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो घेऊन या. रॅमच्या डीडीआर३ आणि डीडीआर३एल या प्रकारांत व्होल्टेजचा फरक असतो, आणि डीडीआर२ असेल तर खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही.

आणि ती नापास पट्टी मोडून टाका. ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर पुढच्या वर्षी कोणीतरी "एक जास्तीची रॅम सापडली" म्हणून कौतुकाने बसवेल.

वाचनालयवाला
मोडली.